ब्रिटनमधला ३१ अंशांचा उन्हाळा: अंदाज कसा वाचायचा आणि घर कसं गार ठेवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दक्षिण इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेकडे तोंड असलेला फ्लॅट. घरात आठ महिन्यांचं बाळ. जुलैत अकोल्याहून आई-बाबा येणार. जूनच्या एकाच आठवड्यात आधी १४ अंश आणि गार पाऊस, मग एकदम ३१. फोनवरची दोन अ‍ॅप दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. गावाकडचे म्हणतात, ३१ म्हणजे आमचा हिवाळा, आणि तुमच्याकडे रात्री दोन वाजताही कुणाचा डोळा लागत नाही. तर अंदाज कुणाचा धरायचा आणि या उकाड्याचं करायचं काय?

मी हवामान अंदाजाच्या कामात आहे. शिक्षण पुण्यात झालं, नोकरी दक्षिण इंग्लंडमध्ये. दोन्हीकडचे उन्हाळे अंगावर काढल्यामुळे आधी एक गोष्ट ठामपणे सांगते: ब्रिटनमध्ये दिवसाचा कमाल आकडा बघून काही ठरवू नका. रात्र बघा. रात्री अकरा वाजता बाहेर किती आहे आणि त्याच वेळी झोपायच्या खोलीत किती आहे, हे दोन आकडे कळले की बाकीचं बरंचसं ठरत जातं.

याचं कारण सूर्यात आहे आणि घरातही. अकोल्यात मेच्या अखेरीस दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. ऊन पडतं ते छतावर. भिंती आणि खिडक्यांना ते सकाळ-संध्याकाळी थोडा वेळ लागतं आणि त्यासाठी छज्जा, ओसरी, जाड भिंत अशी सोय आपल्याकडे पूर्वीपासून आहे. रीडिंग ५१.५ उत्तर अक्षांशावर आहे. तिथे २१ जूनलासुद्धा सूर्य क्षितिजापासून ६२ अंशांपर्यंतच चढतो. म्हणजे दिवसभर ऊन तिरकं, थेट भिंतीवर आणि काचेवर. दिवस साडेसोळा तासांचा. जुलैच्या मध्यातही सूर्य सव्वानऊच्या सुमाराला मावळतो आणि तोही वायव्येला. पश्चिमेकडच्या तुमच्या काचेवर दुपारी दोनपासून रात्री आठ-साडेआठपर्यंत ऊन असतं आणि संध्याकाळी ते इतकं खाली आलेलं असतं की वर छज्जा असता तरी उपयोग झाला नसता. त्यानंतर घर गार व्हायला उरते जेमतेम साडेसात तासांची रात्र.

घड्याळाचा घोळ वेगळाच. उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे असतात, त्यामुळे सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी एकच्या सुमारास. पारा सर्वांत वर जातो तो चार-पाच वाजता, कधी त्याहूनही उशिरा. आपल्या अंगवळणी दुपारी अडीच-तीनचा कडाका पडलेला असतो, म्हणून साडेचारला ‘आता उतरलं असेल’ असं वाटतं आणि बाबागाडी बाहेर निघते. ती वेळ टाळा. अतिनील किरणांचा जोर मात्र अकरा ते तीन या वेळात असतो आणि त्याचा तापमानाशी संबंध नाही. जूनमध्ये १८ अंशांच्या सुखद, वाऱ्याच्या दिवशीही दक्षिण इंग्लंडमध्ये अतिनील निर्देशांक ७ असू शकतो. बाळाची कातडी भाजायला तेवढं पुरे. थोडक्यात, किरणांसाठी भर दुपार टाळायची आणि उष्म्यासाठी संध्याकाळची सुरुवात.

आता घर. इथलं घर म्हणजे थर्मास: हिवाळ्यात आत निर्माण केलेली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून बांधलेला. भिंतींत इन्सुलेशन, दुहेरी काच, जमिनीवर कार्पेट, छताला पंखा नाही, फरशी नाही. काचेतून ऊन आत येतं, सामान आणि भिंती तापतात, आणि ती उष्णता बाहेर पडायला वाट नसते. सगळ्या खिडक्या एकाच बाजूला असल्या तर आरपार वारा खेळत नाही. नव्या इमारतींत भर म्हणून मधल्या कॉरिडॉरमधून गरम पाण्याचे पाइप गेलेले असतात, त्यामुळे तो बाराही महिने ऊबदार. इंग्लंडमध्ये जून २०२२पासून नव्या घरांच्या आराखड्यात ती अति तापणार नाहीत हे दाखवणं नियमाने बंधनकारक झालं, पण त्याआधी मंजुरीला गेलेल्या इमारतींना तो लागू नाही. इथे घराचा आराखडा तपासताना झोपायची खोली रात्री २६ अंशांपेक्षा जास्त किती तास राहते ते मोजतात. तुमची खोली त्या ३१ अंशांच्या दिवशी मध्यरात्री २८-२९ असेल, असा माझा अंदाज. अकोल्यातही २९ अंशांच्या बंद खोलीत, पंखा न लावता, गादीवर कुणाला झोप लागणार नाही.

म्हणून पहिला खर्च दोन साध्या थर्मामीटरचा. एक बेडरूममध्ये, उन्हापासून दूर. दुसरा बाहेर, सावलीत. पश्चिमेच्या बाल्कनीत ऊन लागलं तर तो खोटं सांगेल, तेव्हा बाहेरचा आकडा फोनवरून घेतला तरी चालेल. नियम एकच: बाहेर आतल्यापेक्षा गरम असेल तोवर खिडक्या बंद, बाहेर आतल्यापेक्षा गार झालं की उघड्या. तुमच्याकडे बहुतेक सकाळी नऊ-दहाला बंद करायची आणि रात्री नऊ-दहाला उघडायची वेळ येईल. उकडलं की खिडकी उघडायची ही आपली सवय. पण ३१ अंशांच्या दुपारी आत २६ असेल, तर उघड्या खिडकीतून येते ती गरम हवाच.

ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. पडदा आत लावला तर ऊन काच ओलांडून आलेलं असतं आणि पडदाच तापून खोलीला तापवतो. तरी काही नसण्यापेक्षा फिकट, पांढऱ्या अस्तराचा पडदा दुपारी एकलाच ओढून ठेवा, ऊन आत येण्याच्या आधी. खरा फरक पडतो बाहेरच्या सावलीने: बाल्कनीत ताणलेलं कापड, बाहेरून बसवायचं रोलर ब्लाइंड किंवा काचेच्या बाहेरच्या बाजूला लावायची ऊन परतवणारी फिल्म. इटली-स्पेनमध्ये घरोघरी लाकडी झडपा असतात त्या याचसाठी. ब्रिटनमध्ये त्या का नाहीत याचं मला आजही वाईट वाटतं, कारण एवढ्या स्वस्त उपायाने किती म्हाताऱ्या माणसांची रात्र सुसह्य होईल. बाल्कनीत काही टांगण्यापूर्वी भाडेकरार आणि इमारतीचे आगीचे नियम मात्र वाचा. बऱ्याच ठिकाणी मनाई असते.

रात्री पंखा खोलीच्या मध्ये ठेवून तीच हवा फिरवत बसू नका. बाहेर गार झालं की एका खिडकीत पंखा बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवा आणि दुसऱ्या खोलीची खिडकी उघडा. पंखा आतली गरम हवा ढकलून देतो, दुसरीकडून गार हवा ओढली जाते. फ्लॅटचं मुख्य दार उघडं ठेवून वारा घ्यायचा मोह होईल, पण ते आगरोधक दार असतं. त्याला अडसर लावू नये, आणि कॉरिडॉर तसाही तापलेलाच असतो. खिडकी दहा सेंटिमीटरपुरतीच उघडू देणारी खीळ असेल तर ती काढू नका. बाळ लवकरच उभं राहू लागेल, आणि उन्हाळ्यात उघड्या खिडकीतून मुलं पडण्याचे प्रकार दरवर्षी होतात.

फिरता एसी घ्यावा का? एका नळीचा एसी खोलीतलीच हवा नळीने बाहेर फेकतो, तेवढी जागा भरायला फटींतून बाहेरची गरम हवा आत येते. नळी खिडकीतून बाहेर काढून उरलेली फट कापडी सीलने बंद केली आणि एकच छोटी खोली धरली, तर तो कामाचा. तुमच्याकडे बाळ आणि ज्येष्ठ दोन्ही आहेत, तेव्हा परवडत असेल तर एका खोलीपुरता घ्या, आणि तो लाट येण्याआधीच घ्या. लाट आली की दुकानं रिकामी होतात. अकोल्यासारखा पाण्याचा कूलर मात्र नको. तो विदर्भात चालतो कारण मेमध्ये हवा कोरडी असते आणि कूलरची हवा दुसऱ्या बाजूने निघून जाते. बंद फ्लॅटमध्ये खोली तासाभरात दमट होते. त्यापेक्षा ओला पंचा मानेवर-हातांवर आणि समोर साधा टेबलफॅन. हवा ३५ अंशांच्या खाली आहे तोवर पंख्याचा उपयोग होतो. त्यावर गेली की तो अंगावर गरम झोतच मारतो, तेव्हा थंड पाण्याने अंग पुसणं आणि गार जागी जाणं बरं.

आता एका आठवड्यात १४ आणि ३१ कसं होतं ते. हे बेट एका बाजूला अटलांटिक आणि दुसऱ्या बाजूला युरोपची जमीन यांच्यामध्ये आहे, आणि वर आठ-दहा किलोमीटरवर जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहतो. तो दक्षिणेकडे सरकला की वायव्येची, ग्रीनलंड-आइसलंडकडची समुद्री हवा येते: गार, स्वच्छ, मधूनमधून सरी. उत्तरेकडे सरकला की अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांकडचा उच्चदाब (हवेच्या जास्त दाबाचा प्रदेश) वर सरकतो आणि आभाळ निवळतं. तो उच्चदाब पूर्वेला, जर्मनी-डेन्मार्कच्या बाजूला जाऊन बसला, की ब्रिटनवर वारा आग्नेयेकडून येऊ लागतो, फ्रान्स-स्पेनच्या तापलेल्या जमिनीवरून. तुमचे १४ अंश समुद्राचे होते, ३१ अंश जमिनीचे. ऋतू तोच आहे, हवेचा पत्ता बदलला.

म्हणून अ‍ॅपमधलं ढगाचं चित्र बघण्याआधी वाऱ्याची दिशा बघायची सवय लावा. नैऋत्येचा वारा म्हणजे ऊबदार, दमट, ढगाळ. वायव्येचा म्हणजे गार आणि सरींचा. दक्षिण-आग्नेयेचा म्हणजे उष्मा. पूर्वेचा वारा फसवा: आत रीडिंगला तो छान ऊन देतो, पण पूर्व किनाऱ्यावर नॉर्थ सीवरचं गार धुकं घेऊन येतो. त्या दिवशी ग्लासगोत २५ आणि एडिनबर्गला दाट धुक्यात १४ असं सहज होतं. आई-बाबांना घेऊन एडिनबर्गला जाणार असाल तर हे आधी बघा.

आम्ही कामावर आणखी एक आकडा बघतो: साधारण दीड किलोमीटर उंचीवरच्या हवेचं तापमान. उन्हाळ्यात स्वच्छ ऊन असेल तर त्यात १५ मिळवले की जमिनीवरचा कमाल आकडा ढोबळमानाने हाती येतो. वर १६ असेल तर खाली ३१. पण ढग आले तर तोच दिवस २४वर अडकतो. अंदाज ‘चुकला’ असं लोक म्हणतात तेव्हा बरेचदा हवा बरोबर ओळखलेली असते, ढग दोन तास जास्त थांबलेले असतात.

अ‍ॅप वेगळं का सांगतात, याचं उत्तर सोपं आहे: त्यांच्यामागची गणितं वेगळी असतात. मेट ऑफिस, म्हणजे ब्रिटनची सरकारी हवामान संस्था, स्वतःची मॉडेल (संगणकावरची हवामानाची गणितं) चालवतं. ब्रिटनसाठीचं त्यांचं मॉडेल नकाशाचे दीड-दीड किलोमीटरचे चौकोन पाडून गणित करतं. बीबीसीने २०१८ मध्ये मेट ऑफिसऐवजी दुसऱ्या कंपनीचे अंदाज घ्यायला सुरुवात केली. २०२५ मध्ये दोघांनी पुन्हा एकत्र काम करण्याचं जाहीर केलं. फोनमध्ये आधीपासून असलेलं अ‍ॅप आणखी तिसऱ्याच मॉडेलवर चालत असू शकतं. युरोपचं मॉडेल चालवणाऱ्या संस्थेचं मुख्यालय तर तुमच्या रीडिंगमध्येच आहे. माझा सल्ला: एक अ‍ॅप धरा, रोज तेच वाचा आणि ते तुमच्या गावासाठी कुठे चुकतं ते ओळखा. चार अ‍ॅप चाळून मनासारखं उत्तर शोधणाऱ्याला पावसात भिजण्यापासून कुणी वाचवू शकत नाही.

आणि किती पुढचं मानायचं? चौथ्या दिवसाचा अंदाज आज तीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या दिवसाच्या अंदाजाइतका भरवशाचा झाला आहे, असं मेट ऑफिस सांगतं, आणि कामाच्या अनुभवावरून मला ते पटतं. दहा-चौदा दिवसांपुढचा आकडा मात्र वाचूच नका. ‘पुढच्या शुक्रवारी ३६’ अशा बातम्या एखाद्या मॉडेलच्या एका फेरीतून उचललेल्या असतात. सहा तासांनी तेच मॉडेल २४ म्हणतं. आठवड्यापलीकडे फक्त कल बघायचा: उच्चदाब बसतोय की मोडतोय. मेट ऑफिसचा ‘टेन डे ट्रेंड’ हा व्हिडिओ दर आठवड्याला येतो. त्यात अनिश्चितता किती आहे हे मोकळेपणाने सांगतात, म्हणून मी तो सगळ्यांना सुचवते. तीन-चार दिवस आधी तापमानावर बऱ्यापैकी विसंबता येतं. सरी नेमक्या कुठे पडतील हे मात्र त्याच दिवशी कळतं.

इथे पाऊस दोन तऱ्हांचा आहे हे ओळखून असा. एक वायुआघाडीचा, म्हणजे गरम आणि गार हवेच्या सीमेवरचा: पश्चिमेकडून पट्टा येतो, तीन-चार तास रिपरिप करून पुढे जातो. त्याची वेळ तासाभराच्या फरकाने सांगता येते. दुसरा सरींचा: जमीन तापली की दुपारी ढग उभे राहतात, एका गल्लीत धो-धो आणि पुढच्या चौकात ऊन. अ‍ॅप त्या दिवशी प्रत्येक तासाला ४० टक्के दाखवतं आणि वर पावसाचं एकच चित्र. त्याचा अर्थ दिवसभर पाऊस असा नाही. त्या तासात तुमच्या जागी सर पडण्याची शक्यता दहात चार, एवढाच. अशा दिवशी चित्र सोडा, रडार बघा. ब्रिटनभर १५ रडार आहेत आणि दर पाच मिनिटांनी नवं चित्र येतं. सरींचा पट्टा कुठून कुठे सरकतो हे दहा मिनिटं पाहिलं तर पुढच्या तासाचं उत्तर तुमचं तुम्हाला मिळतं. आपल्याकडच्या लोकांना वाटतं इथे सतत पाऊस. लंडनचा वर्षाचा पाऊस सुमारे ६०० मिलिमीटर आहे, पुण्याहूनही कमी. फक्त तो बारा महिन्यांत वाटून येतो. एकूण पाऊस एवढा कमी, म्हणूनच २०२२ आणि २०२५च्या उन्हाळ्यांत इंग्लंडच्या बऱ्याच भागांत बागेला नळीने पाणी घालायला बंदी आली.

इशाऱ्यांमध्येही गोंधळ होतो, कारण दोन वेगळ्या यंत्रणा तेच रंग वापरतात. मेट ऑफिसचे इशारे सगळ्या ब्रिटनसाठी: पिवळा, अंबर (नारिंगी), लाल. त्यातला अतिउष्णतेचा इशारा २०२१पासून आहे आणि तो फक्त अंबर किंवा लालच असतो. दुसरी यंत्रणा इंग्लंडपुरती, आरोग्य सुरक्षा संस्था आणि मेट ऑफिस मिळून चालवतात ती उष्णता-आरोग्य सूचना. १ जून ते ३० सप्टेंबर. तिचा पिवळा रंग म्हणजे धडधाकट माणसाला फारसं काही नाही, पण ज्येष्ठ, आजारी यांना धोका. तुमच्या घरात यंदा तेच असतील, तेव्हा तुमच्यासाठी पिवळा म्हणजेच काम सुरू. २०२३पूर्वीच्या पद्धतीत विभागवार दोन आकडे ठरलेले होते: लंडनसाठी दिवसा ३२ आणि रात्री १८, रीडिंग ज्या साउथ ईस्ट विभागात येतं तिथे दिवसा ३१ आणि रात्री १६. रात्रीचा आकडा तेव्हाही दिवसाच्या बरोबरीने धरलेला होता.

उष्णतेच्या लाटेची व्याख्या ऐकून गावाकडचे हसतील: सलग तीन दिवस कमाल तापमान त्या परगण्यासाठी ठरलेल्या आकड्याइतकं किंवा जास्त, हा आकडा उत्तर-पश्चिमेला २५, लंडनच्या आसपास २८. भारतात सपाटीवर ४० अंशांच्या खाली लाट म्हणतच नाहीत. पण हसण्यासारखं यात काही नाही. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशरमध्ये कॉनिंग्सबीला ४०.३ अंश नोंदले गेले, ब्रिटनच्या नोंदींत पहिल्यांदाच चाळिशी ओलांडली. धावपट्टीचा पृष्ठभाग बिघडल्याने आदल्या दिवशी लूटन विमानतळ बंद ठेवावा लागला, पूर्व लंडनमध्ये वेनिंग्टनची घरं वणव्यात जळाली. काही ठिकाणी रात्रभर पारा २५च्या खाली उतरला नाही. त्या उन्हाळ्यातल्या पाच उष्ण काळांत मिळून इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा सुमारे तीन हजार मृत्यू जास्त झाले, बहुतेक ज्येष्ठांचे. आणि २०२५चा उन्हाळा तर सरासरीने ब्रिटनचा आजवरचा सर्वांत उष्ण ठरला, तोही चाळिशी न गाठता. त्याला कारण बऱ्याच अंशी या उबदार रात्री.

अ‍ॅपमध्ये रात्रीचं किमान १७ दिसलं की लोक निश्चिंत होतात. ते १७ पहाटे पाचला असतं. रात्री अकराला बाहेर अजून २४ असू शकतं. म्हणून तासावार तक्त्यात अकरा आणि एकचे रकाने बघा. शहराच्या मध्यभागी त्यात एक-दोन अंश मिळवा, कारण विटा आणि डांबर दिवसाची उष्णता रात्री सोडतात. सलग दोन रात्री एकच्या रकान्यात २० किंवा जास्त दिसलं, तर घर गार होणार नाही असं धरा आणि आई-बाबांचं अंथरूण त्या दोन रात्रींपुरतं एसीच्या खोलीत हलवा.

लाट मोडते तीही ओळखीने मोडते. स्पेनकडून आलेल्या गरम हवेखाली अटलांटिकची गार हवा घुसते, आणि रात्री विजांसह वादळ होतं. अस्थमा किंवा गवताच्या परागांचा त्रास असेल तर त्या रात्री खिडक्या बंद ठेवून पंप उशाशी घ्या. जून १९९४ मध्ये लंडन परिसरात अशाच वादळानंतर श्वास लागलेल्या रुग्णांची रुग्णालयांत रीघ लागली होती, कारण ओल्या हवेत पराग फुटून त्यांचे बारीक कण फुप्फुसात खोल जातात. नव्याने आलेल्यांना हा त्रास दोन-चार वर्षांनी सुरू होतो असं मी बरेचदा पाहिलं आहे. दुसऱ्या दिवशी पारा दहा अंशांनी खाली असतो. आई-बाबांसाठी स्वेटर आणि टोपीचं पातळ जॅकेट जुलैतही दाराशी असू द्या. छत्रीवर भिस्त नको, वारा तिला टिकू देत नाही.

बाळाचं. इथे बाळाच्या खोलीसाठी १६ ते २० अंश सांगतात. लाटेत ते जमणार नाही आणि त्यासाठी जीव टांगणीला लावू नका. फक्त लंगोट, फार तर पातळ बंडी. वर पांघरूण नाही. पंखा थेट अंगावर नाही. गरम होतंय का हे हातापायांवरून कळत नाही, छाती किंवा मानेची मागची बाजू हाताने बघा. दूध जास्त वेळा, आणि आठ महिन्यांच्या बाळाला मधूनमधून पाण्याचे घोट. बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून दुपट्टा टाकतात, तो टाकू नका. आत हवा कोंडते आणि काही मिनिटांत ती बाहेरपेक्षा कितीतरी गरम होते. छत्री लावता येते ती लावा.

आई-बाबांचं. अकोल्याची सवय आहे, त्यांना काय होणार, हा विचार धोक्याचा. जुलैत अकोल्यातही पावसाळा लागलेला असतो, आणि उष्णता सोसायची शरीराची सवय काही आठवड्यांत उतरते. वय झालं की तहान उशिरा कळते. रक्तदाबाच्या आणि लघवी जास्त होणाऱ्या गोळ्यांवर उष्म्यात काय करायचं ते निघण्यापूर्वी त्यांच्याच डॉक्टरांना विचारून लिहून आणा; मनाने गोळी बंद करू नका. इन्सुलिन फ्रिजमध्ये. पन्हं, ताक, मिठाचं लिंबू सरबत हे सगळं उत्तम, मधुमेह असेल तर साखर आणि रक्तदाब असेल तर मीठ जपून. चक्कर, मळमळ, खूप घाम, गोळे येणं असं झालं तर गार जागी आडवं करा, पाय उचलून ठेवा, पाणी द्या, अंग ओलं करून वारा घाला. तीस मिनिटांत बरं वाटलं नाही, किंवा बोलणं असंबद्ध झालं, अंग तापलेलं पण घाम नाही, तर ९९९ या तातडीच्या क्रमांकावर फोन करा. तेवढं गंभीर नसेल पण शंका असेल तर १११ या आरोग्य सल्ल्याच्या क्रमांकावर, हा फोन मोफत आहे.

लाटेच्या दिवशी फिरायला न्यायचंच झालं तर लंडनमध्ये एलिझाबेथ लाइन, डिस्ट्रिक्ट, सर्कल, मेट्रोपॉलिटन या मार्गांवरच्या शहरी गाड्यांना एसी आहे; सेंट्रल आणि बेकरलू टाळा, ते बोगदे खोल आहेत आणि भोवतालची चिकणमाती वर्षानुवर्षांत तापलेली आहे. रेल्वेचे रूळ इथे २७ अंशांना धरून ताणलेले असतात आणि उन्हात ते हवेपेक्षा २० अंशांनी जास्त तापू शकतात, म्हणून गाड्या हळू सोडतात. पाणी सोबत ठेवा आणि परतीची शेवटची गाडी धरू नका. थेम्सच्या काठी किंवा तळ्यावर गेलात तर कुणीही, पोहता येत असलं तरी, एकदम उडी मारू नये. वर हवा ३२ असली तरी खोल पाणी पंधराच्या खाली असू शकतं. त्या धक्क्याने श्वास अडकतो. तसं झालंच तर हातपाय न मारता आधी पाठीवर तरंगत राहायचं, श्वास ताब्यात आला की मग हाक मारायची.

एक कागदी काम उरतं. आई-बाबांना अचानक रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावं लागलं तर तिथली तपासणी मोफत आहे, पण दाखल करून घेतलं की पाहुण्यांना पैसे लागतात आणि ते नेहमीच्या दराच्या दीडपट असतात. तेव्हा प्रवास विमा भारतातूनच, आधीच्या आजारांसह काढा. औषधांच्या नावांची यादी इंग्रजीत, डॉक्टरांच्या सहीने, आईच्या पर्समध्ये एक आणि तुमच्या फ्रिजच्या दारावर एक असू द्या.